डॅशबोर्डला करवत न लावता जुन्या पद्मिनीत नवा आवाज

“साहेब, इथून इथपर्यंत पत्रा काढला की झालं. अर्ध्या तासात स्क्रीन बसवून देतो,” असं म्हणत दुकानातल्या पोरानं अण्णांच्या पद्मिनीच्या डॅशबोर्डवर पेन्सिलीनं रेघ ओढली. मी रुमालानं ती रेघ पुसली आणि गाडी परत सांगलीला घरी आणली. गाडी १९७८ ची. मध्यभागी दोन नॉबचा, पाच बटणांचा रेडिओ. तिसरं बटण अण्णांनी आकाशवाणी सांगलीवर, म्हणजे १२५१ किलोहर्ट्झवर लावून ठेवलेलं. ते बटण बाहेर ओढायचं, स्टेशन लावायचं आणि दाबून आत सारायचं. मग पुढची कित्येक वर्षं ते तिथेच जाऊन थांबतं. अशा डॅशबोर्डमध्ये निळ्या उजेडाचा चौकोन बसवायचा माझा धीर होईना.

तरीही आवाज मला चांगला हवा होता. चार महिने रविवार-रविवार करत तो मिळवला, आणि गाडीत बसणाऱ्याला काही बदललंय हे दिसत नाही. ज्यांच्या दारात पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा स्टँडर्ड उभी आहे त्यांच्यासाठी ही सगळी पद्धत सविस्तर लिहितोय. यात माझा एकच हट्ट आहे: जे काही बसवाल ते उद्या पान्यानं आणि स्क्रू ड्रायव्हरनं काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर गाडी होती तशी उरली पाहिजे. पत्रा कापला की तो परत येत नाही. जुने डॅशबोर्ड आता भंगारातही सहज मिळत नाहीत.

याला कायद्याची बाजूही आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. स्टिरिओमुळे कुणी नोंदणी नाकारणार नाही, पण गाडी मूळ रूपात ठेवायची सवय आत्तापासून लागलेली बरी.

आधी गाडी ओळखा

काही विकत घेण्याआधी एक सकाळ फक्त तपासणीला द्या. मोबाइलवर फोटो काढा: डॅशबोर्डच्या मागचे, फ्यूज बॉक्सचे, रेडिओला जाणाऱ्या प्रत्येक वायरीचे. वायरी जोडताना फोटोसारखा साक्षीदार नाही.

मग बॅटरी बघा. बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे? फियाटच्या घराण्यात निगेटिव्ह अर्थ असतो, म्हणजे निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली, त्यामुळे पद्मिनीवाल्यांना चिंता नाही. पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या आणि त्यांच्या नकाशावर बनलेल्या आपल्याकडच्या जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. अशा गाडीत आजचा कुठलाही ॲम्प्लिफायर सरळ बसवला आणि त्याचं धातूचं कव्हर बॉडीला टेकलं, की थेट शॉर्ट. तिथे एकतर जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गाडीचा अर्थ बदलून घ्यायचा, नाहीतर आयसोलेटेड कन्व्हर्टर (आतली आणि बाहेरची वीज एकमेकींना न जोडणारा) वापरून सगळी नवी यंत्रणा बॉडीपासून अलग ठेवायची. ६ व्होल्टची गाडी असेल तर व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लागेलच.

नंतर चार्जिंग. डायनॅमो आहे की अल्टरनेटर? मल्टिमीटर बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास आणि इंजिन थोडं रेस केल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर स्टिरिओचा विचार बाजूला ठेवा. आधी चार्जिंग दुरुस्त करा.

तीन वाटा

पहिली वाट: जुन्या रेडिओचं पोट रिकामं करून त्यात नवा बोर्ड बसवायचा, बाहेरून तोच चेहरा. दुसरी: जुन्या धाटणीचा, दोन नॉबचाच पण आतून आधुनिक असा तयार रेडिओ आणायचा. तिसरी: जुना रेडिओ आहे तसाच जागेवर ठेवायचा, आणि नवी यंत्रणा पूर्णपणे वेगळी, नजरेआड बसवायची.

पहिली वाट मला पटत नाही. आतलं ट्यूनर, गिअर, दोरी, बटणांची यंत्रणा एकदा काढली की तो रेडिओ राहत नाही, नुसता मुखवटा राहतो. मूळ रेडिओ आधीच कुणी तरी पळवला असेल तर दुसरी वाट उत्तम, फक्त दोन नॉबमधलं अंतर मोजून मगच मागवा, कारण ते सगळ्या गाड्यांत सारखं नसतं. आजचे नेहमीचे डेक, म्हणजे डॅशबोर्डमधले स्टिरिओ, १८० बाय ५० मिलिमीटरच्या चौकटीसाठी बनतात. दोन दांड्यांच्या जुन्या रेडिओची खिडकी त्याहून वेगळी असते, आणि त्या फरकापायीच दुकानदार करवत काढतो.

मी तिसरी वाट धरली. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

विजेचा हिशेब

माधवनगरला एक वायरिंगवाले तात्या आहेत. त्यांना मी खोक्यावर ‘१००० वॅट’ लिहिलेला ॲम्प्लिफायर दाखवला, तर ते म्हणाले, “बाळा, एवढी वीज तुझ्या डायनॅमोच्या बापानं बघितली नाही.” मग त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. जुन्या गाड्यांतले बहुतेक डायनॅमो २० ते २५ अँपिअरच्या घरातले, आणि तेही इंजिन फिरत असताना. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, जवळपास काहीच नाही. रात्री पुढचे दोन ४५ वॅटचे दिवे साडेसात अँपिअर खातात, मागचे-पुढचे छोटे दिवे पावणेदोन, इग्निशन कॉइल तीन-चार, पाऊस असेल तर वायपर आणखी तीन. झाले पंधरा-सोळा. उरलेल्यात बॅटरी भरायची आणि गाणंही वाजवायचं.

म्हणून मोठ्या आकड्यांच्या मागे जाऊ नका. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद, वाचा. क्लास-डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) प्रकारचा, चार चॅनलचा, प्रत्येक चॅनलला खरे २० ते ४० वॅट देणारा छोटा ॲम्प्लिफायर पद्मिनीसारख्या गाडीला पुरून उरतो. चार स्पीकरना प्रत्येकी २० वॅट सलग दिले तरी साधारण आठ अँपिअर होतात, आणि संगीत कधीच सलग पूर्ण ताकदीनं वाजत नाही. प्रत्यक्षात सरासरी दोन-तीन अँपिअरवर काम भागतं. साध्या कार डेकवर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं, त्याचंही गणित बघा. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला त्यातली आयसी (ॲम्प्लिफायरची चिप) फार तर २० वॅटच्या आसपास स्वच्छ देऊ शकते. वरचे ३० कागदावरचे.

वायर ओढताना

इथे मी एकदा चुकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो. सुरुवातीला मी जुन्या रेडिओच्याच वायरीवरून ॲम्प्लिफायरला वीज दिली. हळदीच्या सौद्याला निघालो होतो, मार्केट यार्डाच्या अलीकडेच डॅशखालून रबर जळल्याचा वास आला. गाडी कडेला घेऊन बॅटरीची तार काढली. स्टिअरिंग कॉलमजवळ जुन्या वायरीचं कापडी वेष्टण चिकट झालं होतं. रेडिओसाठी ओढलेली ती बारीक वायर एक-दीड अँपिअरच्या कामाची होती, तिच्यावर मी पाच-सहाचं ओझं टाकलं होतं.

आता पद्धत अशी. काम सुरू करताना बॅटरीची अर्थची तार आधी काढा आणि काम झाल्यावर ती सगळ्यात शेवटी जोडा. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून नवी, स्वतंत्र, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची ऑटो वायर घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज, बंद डबीत. फ्यूज वायरीसाठी असतो, ॲम्प्लिफायरसाठी नाही. वायर कुठे तरी पत्र्याला घासली तर आग लागू नये म्हणून तो बॅटरीजवळच हवा.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला नवं भोक पाडू नका. केबल किंवा जुना हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथून जातो तिथे जागा सापडतेच. तिथे नवा रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची रबरी कडी, बसवा, उघड्या पत्र्याच्या धारेवरून वायर कधी नेऊ नका. पुढे एक रिले (थोड्या विजेवर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) घ्या आणि त्याची कॉइल चावीच्या ‘ॲक्सेसरी’ वायरीवर लावा. म्हणजे जुन्या स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ भार येतो आणि चावी काढली की सगळं बंद. अर्थची वायरही तेवढीच जाड, लांबीला शक्य तितकी आखूड. बॉडीवरच्या मूळ नटबोल्टखाली रंग खरवडून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवा आणि वर ग्रीसचं बोट फिरवा. जोड पिळून टेप लावलेले नकोत. क्रिंप करा (पकडीनं दाबून बसवा) किंवा सोल्डर करा, वर हीट श्रिंकची, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. उन्हाळ्यात बंद गाडीत टेपचा डिंक वितळून गळतो.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न पाण्याचा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आमची गाडी गुडघाभर पाण्यात दोन दिवस उभी होती. नंतर जमिनीलगतची वायर सोलली की आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी. त्या भागातल्या गाड्यांनी निदान खालचा हार्नेस उघडून बघावा. वायर वाकवल्यावर आतून कुरकुरली तर ती गेलेली आहे. हे ध्यानात ठेवूनच मी ॲम्प्लिफायर सीटखाली न ठेवता ग्लोव्ह बॉक्सच्या मागे उंचावर टांगला.

स्पीकर: सगळा जीव इथे आहे

पैसे कमी असतील तर ॲम्प्लिफायर साधा घ्या, पण स्पीकर आणि त्यांची बैठक यात हात आखडू नका. स्पीकर बरा पण बैठक वाईट, तर आवाज वाईटच येतो. हे मला मिरजेत कळलं.

पुढच्या बाजूला, पायांपाशी, दाराच्या बिजागरीलगत मोकळी जागा असते. तिथे चार इंची स्पीकरचे दोन लहान डबे बसवायचे ठरवलं. पहिला डबा ६ मिलिमीटर प्लायचा केला. वाजवला तर डालड्याच्या रिकाम्या डब्यातून बोलल्यासारखा आवाज. तो डबा काखेत मारून मी सतारमेकर गल्लीत ओळखीच्या चाचांकडे गेलो. मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा घेऊन ते आतून तासत होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे हे भोपळे वाळवून, निवडून, मग त्यांचा तंबोरा होतो.

“चाचा, याला आवाज का लागत नाही?”

त्यांनी डबा हातात घेतला, चहूबाजूंनी बोटाच्या पेरानं टकटक केली, एका बाजूला थांबले. “ही फळी बोलतीय. बोलायचं काम भोपळ्याचं, तुमच्या डब्याचं न्हवं. डब्यानं गप बसायचं.”

ते तंतोतंत खरं आहे. वाद्यात तारेचा आवाज लहान असतो, तो भोपळा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) मोठा करतात, म्हणून त्यांनी थरथरलं पाहिजे. स्पीकरमध्ये पडदाच सगळा आवाज काढतो. त्याच्या मागची हवा पुढच्या हवेत मिसळू नये एवढ्यासाठीच डबा असतो. पडदा पुढे जातो तेव्हा मागे पोकळी होते. दोन्ही बाजूंची हवा एकमेकींना भेटली की खर्ज तिथल्या तिथे जिरतो. आणि डब्याच्या फळ्या स्वतः थरथरल्या तर त्यांचाच बोंबललेला आवाज गाण्यात मिसळतो.

दुसरा डबा मी १२ मिलिमीटर प्लायचा केला, साधारण अडीच लिटर पोकळीचा, सगळे सांधे डिंक आणि स्क्रूनं बंद, आतून आडवी पट्टी, मोकळ्या जागेत थोडी पिंजलेली लोकर. पेरानं वाजवला तर ‘ठक्’, पुढे काही नाही. चाचांनी मान हलवली. डबा दाराजवळच्या मूळ ट्रिमच्याच स्क्रूंवर, पत्र्याच्या दोन पट्ट्यांनी धरला. नवं भोक एकही नाही. बसवण्याआधी जाड तळव्याचे बूट घालून ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लच पूर्ण दाबून बघा. डबा पायाला कुठेही आडवा येत असेल तर ती जागा सोडून द्या. आवाज पायापेक्षा मोठा नाही.

मागच्या बाजूला आम्हाला आयतं मिळालं. १९८६ मध्ये कॅसेट प्लेअरच्या हौसेत अण्णांनी पार्सल ट्रेखालच्या पत्र्याला दोन भोकं पाडून घेतली होती. त्यांनी केलेलं ते, मी त्याला हात लावला नाही, त्याच मापाचे सहा इंची स्पीकर घेतले. मूळ ट्रे काढून तिच्या आकाराची नवी ९ मिलिमीटर प्लायची कापली, स्पीकर खालून बसवले आणि वरून पूर्ण ट्रेवर एकसलग कापड ओढलं. मागून बघणाऱ्याला जाळी नाही, भोक नाही, नुसती कापडाची ट्रे. कापड निवडताना दुकानात तोंडाजवळ धरून फुंकर मारा. हात पलीकडे ठेवा; हवा हाताला लागली तर आवाजही जाईल. रेक्झिनमधून तो जात नाही. कुशनवाल्याला जुन्या ट्रेचा तुकडा दाखवलात तर रंग जुळवून देतो.

दारात स्पीकर बसवायचा मोह होतो. मी टाळला, कारण मूळ डोअर पॅड कापावं लागतं. बसवायचाच असेल तर मूळ पॅड काढून जपून ठेवा, त्याची प्रतिकृती करून ती कापा. आधी काच पूर्ण खाली उतरवून आतली खोली मोजा, नाहीतर पहिल्याच दिवशी काच चुंबकावर आपटेल. दाराच्या आतल्या पत्र्याला ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवली तर दार बंद करतानाही भारदस्त ‘धप्प’ येतो, आणि हे स्पीकर नसले तरी करण्यासारखं आहे. मात्र दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. ती बुजली की दोन पावसाळ्यांत दार खालून सडतं.

जोडण्याआधी प्रत्येक स्पीकर तपासा. मल्टिमीटरनं ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास, ८ ओहमचा साडेसहाच्या आसपास दाखवतो. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला लागलं की पडदा बाहेर उडी मारतो. उलटा लागला तर आत. एखाद्या जुन्या स्पीकरवरची खूण पुसलेली असली की हाच उपाय. चारांपैकी एक जरी उलटा जोडला गेला तर आवाज पातळ होतो, डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, आणि माणूस उगाच स्पीकरला नावं ठेवतो.

सबवूफर हवा का?

काळी एक पट्टीच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झवर बोलते. चार इंची स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली थकतो. खर्ज आपल्याला तरीही ‘ऐकू येतो’, कारण वरचे स्वरांश कानात जुळतात आणि मूळ स्वर मन भरून काढतं. ज्यांचं ऐकणं मुख्यतः भावगीतं, नाट्यपदं, बातम्या, त्यांनी सबवूफर घेऊ नये. मला तबला-पखवाज आवडतो, म्हणून पुढच्या सलग सीटखाली मावणारा चपटा, स्वतःच्या ॲम्प्लिफायरसह येणारा आठ इंची घेतला. त्याच्यासाठी फ्यूज आणि वायर वेगळी, आणि मध्ये चटकन सुटणारं सॉकेट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की सॉकेट काढायचं, दोन पट्टे सोडायचे आणि डबा वरच्या मजल्यावर.

ॲम्प्लिफायर आणि फोन

ब्लूटूथ असलेला ॲम्प्लिफायर घेतलात तर डेक लागतच नाही. पत्र्याची एक पट्टी वाकवून ती ग्लोव्ह बॉक्सच्या मूळ बोल्टवर धरली, तिच्यावर ॲम्प्लिफायर रबरी वॉशर देऊन. चहूबाजूंनी बोटभर हवा खेळू द्या. स्पीकरच्या आणि सिग्नलच्या वायरी एका बाजूनं, विजेची वायर दुसऱ्या बाजूनं; एकत्र बांधू नका. फोन ग्लोव्ह बॉक्समध्ये राहतो, त्यात एक यूएसबी चार्जर. आवाज कमी-जास्त करायला छोटा वायर्ड रिमोट नॉब मिळतो, तो मी ॲश-ट्रेच्या आत बसवला. ॲश-ट्रे बंद केली की काही दिसत नाही, आणि घरात कुणी सिगारेट ओढत नाही.

जुना रेडिओ बोलता करणे

नवी यंत्रणा असताना जुना रेडिओ कशाला दुरुस्त करायचा असं बरेच जण विचारतात. कारण डायलचा पिवळा उजेड, नॉबचा ‘टक्’ आणि मीडियम वेव्हची ती जाडसर पोत कुठल्याही ॲपमधून येत नाही. आमच्या पिढीनं घरच्यांना रेडिओचं लायसन्स पोस्टातून नवं करून आणताना पाहिलंय.

वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ थेट बॅटरीला लावू नका. १२ व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब मध्ये मालिकेत जोडा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो. मिणमिणला किंवा विझलेला राहिला तर पुढे जायला हरकत नाही. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका, काही सेटमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर त्यानं जातो. व्हॉल्व्हचा सेट असेल तर स्वतः उघडूच नका. आत दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकतो.

ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये बहुतेक वेळा दोषी निघतात ते वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे नवे लावायचे. प्लस-मायनसची बाजू जुना काढण्याआधी बोर्डावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. खरखरणाऱ्या व्हॉल्यूमला कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब आणि वीसेक फेरे. शेवटी एरियलजवळचा छोटा ट्रिमर: १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं मंद स्टेशन किंवा नुसती खरखर लावा आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरनं ट्रिमर फिरवत सगळ्यात मोठ्या आवाजावर थांबा. एरियल किंवा त्याची केबल बदलली असेल तर हे केल्याशिवाय रेडिओ बहिराच राहतो.

ज्यांना वेगळा ॲम्प्लिफायर नकोच, जुन्या रेडिओतूनच फोन वाजवायचा आहे, त्यांच्यासाठीही सोय आहे. फोनच्या डाव्या-उजव्या वायरी प्रत्येकी एक किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करा, पुढे एक ते दहा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, आणि तिथून व्हॉल्यूम पॉटच्या (व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या भागाच्या) वरच्या टोकाला. तिथे आधी येणारी रेडिओची वायर एका छोट्या स्विचमधून फिरवा. ब्लूटूथचा बोर्ड वापरलात तर त्याला आयसोलेटेड कन्व्हर्टरवरून पाच व्होल्ट द्या. रेडिओच्याच विजेवर चालवला की गाण्यामागे सतत किर्रर्र ऐकू येतं.

शिट्टी आणि टकटक

इंजिन रेस केल्यावर चढत जाणारी शिट्टी चार्जिंगची असते. आधी ॲम्प्लिफायरचा अर्थ पुन्हा घासून आवळा, निम्म्या वेळा तिथेच संपतं. नाहीतर डायनॅमोच्या जाड, आउटपुटच्या टोकावर एक मायक्रोफॅरडचा सप्रेसर (खरखर दाबणारा) कंडेन्सर लावा. शेजारच्या बारीक फील्डच्या टोकावर कधीही नाही, त्यानं रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक ही प्लगची: रेझिस्टन्सवाल्या एचटी लीड (प्लगच्या जाड वायरी) किंवा रेझिस्टर प्लग, आणि कॉइलच्या चावीकडून येणाऱ्या टोकावर सप्रेसर. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडच्या टोकावर लावलात तर गाडी मिसफायर करेल. फक्त रेडिओतच आवाज असेल आणि एरियलची पिन काढल्यावर थांबला, तर एरियलचा बुडखा बॉडीला नीट टेकत नाही. तिथला गंज काढा.

आवाज लावणे

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. आत येणारा सिग्नल ॲम्प्लिफायरनं किती वाढवायचा ते गेन ठरवतो. गेन शून्यावर, सगळे बास-ट्रेबल मध्यावर. फोनचा आवाज ८० टक्क्यांवर ठेवून ओळखीचं स्वच्छ रेकॉर्डिंग लावा आणि गेन हळूहळू चढवा. आवाज चिरकायला लागला की थोडा मागे या आणि तो नॉब परत विसरून जा. चार इंची स्पीकरना १०० हर्ट्झच्या खालचं जाऊ देऊ नका, मागच्यांना ८० च्या. सबवूफरला ८० च्या वरचं नको. सबवूफर वेगळा ‘ऐकू’ यायला लागला की तो जास्त झाला. बंद केल्यावर काही तरी गेलं असं वाटावं, इतकाच ठेवा. मागचे स्पीकर पुढच्यांपेक्षा हलके, म्हणजे गाणारा समोर बसतो.

मी तंबोऱ्यावर लावतो. नुसत्या तंबोऱ्याचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग. जोडीच्या दोन तारा वेगवेगळ्या कळल्या पाहिजेत, जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, झिणझिणली पाहिजे पण कानात टोचता कामा नये, आणि खर्ज छातीपाशी यायला हवा. चाचांना विश्रामबागपर्यंत चक्कर मारून आणली तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. मिरज कॉर्नरला म्हणाले, “पंचम जरा उतरलाय.” तो रेकॉर्डिंगमध्येच उतरलेला होता.

काढलेली मूळ ट्रे, जुने दोन स्पीकर, ट्रिमचे जास्तीचे स्क्रू आणि मी काढलेला वायरिंगचा नकाशा असं सगळं एका खोक्यात घालून माळ्यावर ठेवलंय. खोक्यावर जाड पेननं गाडीचा नंबर आणि ‘टाकू नये’ एवढंच लिहिलंय.